माझा आकडा ८६ आला तेव्हा

रात्री पावणेदहाला रिपोर्ट फोनवर आला. मी दुसरीच्या वह्या तपासत बसले होते. सात पानांची पीडीएफ. हिमोग्लोबिन १०.८, थायरॉईड बरोबर, साखर बरोबर. सहाव्या पानावर 'सीए-१२५' आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरांत ८६.४. शेजारी वर टोक केलेला बाण. मर्यादा ३५. ही कसली तपासणी हेच मला माहीत नव्हतं. फोनवर शोधलं तर पहिल्याच ओळीत आलं, ओव्हरीचा कॅन्सर.

वही मिटली. स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आत मुलगा गणितं सोडवत होता, नवरा बातम्या बघत होता. अर्धा तास मी कुणालाच काही बोलले नाही.

रक्त दिलं होतं चार दिवसांपूर्वी, महिला दिनाच्या शिबिरात. आमच्या सोलापुरातल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मंडप टाकला होता, दोन टेबलं, चार खुर्च्या. फ्लेक्सवर लिहिलं होतं 'स्त्री आरोग्य पॅकेज, कॅन्सर तपासणीसह, फक्त १,४९९ रुपये'. सकाळी उपाशीपोटी आम्ही तीसेक जणी रांगेत उभ्या होतो. खूप दिवसांनी सगळ्या एकत्र जमलेल्या, त्यामुळे हळदीकुंकवासारखंच वातावरण होतं. रक्त घेणारा मुलगा चांगला होता, हात हलका होता त्याचा. नाव, वय, मोबाईल नंबर विचारला, दंडाला पट्टा बांधला, पिवळ्या टोपणाची नळी भरली, वर कापूस दाबायला सांगितला. माझ्या पाळीचा तो दुसरा दिवस होता. त्यानं ते विचारलं नाही, आणि सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

त्या रांगेतलं बोलणं मला आजही आठवतं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "रक्त सगळ्या अंगातून फिरतं. कुठं काही असलं तर रक्तात येणारच की." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. दुसरी म्हणाली, "आणि यात कपडे सोडायला नकोत, पाय वर घ्यायला नकोत. हात पुढं केला की झालं." खरं सांगायचं तर आम्हा तीस जणींना रांगेत आणणारं हेच वाक्य होतं. सिव्हिलमध्ये पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, होते, शाळेत आशाताई सांगून गेल्या होत्या, तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या नऊ शिक्षिकांपैकी एकही गेली नव्हती. मी तर ४४ वर्षांची होईपर्यंत, दोन बाळंतपणं सोडली तर, आतून तपासून घेतलेलंच नव्हतं. पण १,४९९ रुपये देऊन रक्त द्यायला मात्र आम्ही पहाटे आंघोळ करून हजर होतो.

रात्री शेवटी नवऱ्याला सांगितलं. त्यानं रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाला, "चूक असेल गं." पण रात्रभर तोही जागा होता. सकाळी सासूबाईंना कळलं. त्या कॅन्सर हा शब्द उच्चारतच नाहीत, 'तो आजार' म्हणतात. देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, "बरं झालं, लवकर कळलं." म्हणजे त्यांच्या मनात निदान झालेलंच होतं. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, थेट मुंबईला टाटाला जाऊ, मी गाडी काढतो. जाऊबाईंनी सरळ उपाय सांगितला. "मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम? काढून टाक एकदाची, ओव्हरीसकट. जिवाला घोर नको." त्यांच्या माहेरी बीडकडे तिघीचौघींनी तसंच केलं होतं.

जाऊबाई प्रेमानंच बोलत होत्या, पण मला आतून हललं. बीडच्या ऊसतोड बायकांची हकीगत आपण सगळ्यांनी २०१९ मध्ये वाचली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी जणींना 'नाही काढली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं होतं. भीती घातली की बाई स्वतःहून टेबलावर झोपते. त्या रात्री एका बाणाच्या खुणेपायी मीही झोपले असते, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

डॉक्टर मॅडमकडे तिसऱ्या दिवशी नंबर लागला. मी रिपोर्ट पुढे केला तर त्यांनी तो बघितला आणि टेबलावर पालथा घातला. "हा नंतर. आधी तुम्ही बोला." मग वीस मिनिटं प्रश्न. पाळी कधी आली होती, रक्त कोणत्या दिवशी दिलं, पाळीत किती दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं का, शौचाला होताना कळ येते का. पोट फुगल्यासारखं वाटतं का, दोन घास खाल्ले की पोट भरतं का, लघवीला सारखं जावं लागतं का. आई, मावशी, आत्या, बहीण यांत कुणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालाय का. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मी गेली बारा वर्षं गोळी घेऊन शाळेत उभी राहते, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. दुखणं हे बाईचं असतंच, असं मला लहानपणापासून सांगितलेलं. त्याची गणती आजारात होते हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मग आतून तपासणी. लाज वाटली, अंग आवळून धरलं होतं. नर्सताईंनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "श्वास सोडा, तोंडानं." एवढ्यानं फरक पडला. त्याच वेळी मॅडमनी पिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला, बारीक ब्रश फिरवल्यासारखं जाणवलं, आणि झालं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी चाळीस वर्षं ज्याला घाबरत होते ते दोन मिनिटांचं होतं. नंतर आतून सोनोग्राफी. डाव्या ओव्हरीवर ४.२ सेंटिमीटरची गाठ दिसली, आत घट्ट, जुनं रक्त, मध्ये एक पातळ पडदा. चॉकलेट सिस्ट. पाळीच्या वेळी पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर भलत्याच जागी, ओव्हरीत रक्त सोडतं आणि तिथंच साठत जातं, तो हा आजार. एंडोमेट्रिओसिस. माझ्या बारा वर्षांच्या गोळ्यांचं कारण पडद्यावर काळसर वाटोळं होऊन दिसत होतं.

त्यानंतर मॅडमनी पालथा ठेवलेला रिपोर्ट उलटला आणि त्याच्या कोऱ्या मागच्या बाजूवर पेनानं लिहिलं: १ × १ × ८६.४. "हे एक जुनं, साधं गणित आहे. सोनोग्राफीत शंका येण्यासारख्या खुणा किती, त्याचा एक आकडा. खूण नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. तुमच्यात पडद्याची एक खूण, म्हणून १. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. आणि हा सीए-१२५. तिघांचा गुणाकार २०० च्या वर गेला की आम्ही कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवतो. तुमचा ८६ येतो." मी विचारलं, म्हणजे नाहीच का? त्या म्हणाल्या, "गणित शेवटचा शब्द नसतो. सोनोग्राफीतलं चित्र, तुमचं दुखणं आणि हा आकडा, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. पाळी संपल्यावर, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त देऊ. तीन महिन्यांनी सोनोग्राफी."

मग मी तो प्रश्न विचारला जो रांगेतल्या सगळ्यांचा होता. रक्तात कॅन्सर येत नाही का?

मॅडमनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, कारण ते मला तीस वेळा तीस जणींना सांगायचं होतं. सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखणारी प्रतिपिंडं अमेरिकेत तयार केली. ते प्रथिन निरोगी बाईच्या अंगातही असतं. पोटाच्या, ओव्हरीच्या, पिशवीच्या आतल्या अस्तराला काही त्रास झाला की वाढतं. पाळीत वाढतं, गरोदरपणात वाढतं, फायब्रॉईडनं, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठींनी वाढतं, एंडोमेट्रिओसिसनं वाढतं, पिशवीच्या आसपास जंतुसंसर्ग झाला तर वाढतं, लिव्हर बिघडलं तरी वाढतं. पोटाचा टीबी झाला तर पाचशेच्या पुढेही जातं, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही. उलट ओव्हरीचा कॅन्सर अगदी सुरुवातीचा असेल तर जवळजवळ निम्म्या बायकांत हा आकडा ३५ च्या आतच असतो. म्हणजे ज्या वेळी कळायला हवं त्याच वेळी तो गप्प बसतो. निदान झालेल्या बाईला औषध लागू पडतंय का, आजार परत येतोय का, हे बघायला मात्र त्याचा फार उपयोग होतो. त्यांच्या शब्दांत, "ही तपासणी वाईट नाही. ती रांगेत उभं करून घ्यायची तपासणी नाही."

रांगेत उभं करून घेऊन पाहिलेलंही आहे. इंग्लंडमध्ये २००१ पासून पन्नाशीपुढच्या, पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायकांवर हा अभ्यास झाला. काहींना दरवर्षी रक्ततपासणी, काहींना दरवर्षी सोनोग्राफी, बाकीच्यांना काही नाही. सरासरी सोळा वर्षं मागोवा घेतला. २०२१ मध्ये निकाल आला: रक्ततपासणीनं काही कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले, पण ओव्हरीच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्याआधी अमेरिकेतल्या ७८ हजार बायकांच्या अभ्यासाचा निकाल २०११ मध्ये आला होता. तिथे ३,२८५ जणींना कॅन्सर नसताना शंका निघाली, त्यांतल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, आणि १६३ जणींना त्या ऑपरेशनमुळे गंभीर त्रास झाला. हा १६३ चा आकडा ऐकला आणि मला जाऊबाईंचं वाक्य आठवलं. काढून टाक एकदाची.

सहा आठवड्यांनी पाळी संपल्यावर पुन्हा रक्त दिलं. आकडा ४१ वर आला होता. अजून ३५ च्या वरच, पण आता बाण बघून माझे हात थरथरले नाहीत. गोळ्या सुरू झाल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांबरोबर मैदानात लंगडी खेळले.

मे महिन्यात आत्याकडे गेले, कळंब तालुक्यात. ती आता ७२ वर्षांची आहे. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आमचं तर झालंय की ते तपासून. बार्शीच्या बाया आल्या होत्या घरोघर." मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग उलगडलं. १९९९ पासून पुढची चार वर्षं उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० वर बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. माझ्या आत्यासारख्या शेतकरी, मजूर, अंगठा उठवणाऱ्या बायका गेल्या आणि पिशवीच्या तोंडाचा नमुना देऊन आल्या. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी झाली त्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, आणि ज्या गटाची तपासणी झाली नाही तिथे ६४. तपासणी आयुष्यात एकदाच, तीही खेड्यात. २००९ मध्ये हे जगभर छापून आलं. त्या तपासणी न झालेल्या गटातल्या बायकांचं मला फार वाईट वाटतं, आणि त्यांना वगळण्यावर पुढे टीकाही झाली, ती योग्यच होती. पण हा पुरावा आपल्या मातीतल्या बायकांनी जगाला दिलाय, आणि आम्ही सोलापुरात, दीड-दोन तासांच्या अंतरावर, त्याबद्दल अवाक्षर न ऐकता पिवळ्या टोपणाच्या नळीपुढे हात करून उभ्या होतो.

आत्याला विचारलं, लाज नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली की. पर समद्या चालल्या होत्या जीपमधनं. एकटीला वाटती तेवढी लाज दहा जणींत वाटत नाही."

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर रक्तात दिसत नाही. तो व्हायच्या आधी दहा-पंधरा वर्षं तिथल्या पेशी बदलत असतात, आणि त्या तिथूनच बघाव्या लागतात. आपल्या देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांत ही तपासणी कधी ना कधी केलेल्या शंभरात दोनही नाहीत. केंद्र सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा. ज्यांना फारच संकोच वाटतो त्यांना एचपीव्हीसाठी नमुना स्वतःच, बाथरूममध्ये जाऊन, लांब काडीच्या कापसानं घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं तो मान्य केलाय. हे मला कुणी विशीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता तळमजल्यावरच्या काकूंचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यामुळे.

काकू ६१ वर्षांच्या. त्यांचा सीए-१२५ आला होता १४. शिबिरानंतर त्यांनी सगळ्यांना पेढे दिले होते. जूनमध्ये त्या जिन्यात भेटल्या, हातात धने-जिऱ्याच्या पाण्याची बाटली. म्हणाल्या, उष्णता वाढलीय गं, खाली जरा डाग दिसतायत, मार्चपासून. पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली. मी जिन्यातच थांबले. मॅडमनी मला निघताना एक गोष्ट बजावून सांगितली होती: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी आठवड्यात दाखवायचं, बाकी कुठलाही रिपोर्ट कितीही चांगला असो. मी काकूंना तसं सांगितलं. त्या हसल्या. "अगं, माझा चौदाच आहे. तुझ्यापेक्षा कितीतरी कमी."

त्या चौदाचा मला माझ्या शहाऐंशीपेक्षा जास्त राग आला. माझ्या आकड्यानं मला निदान दवाखान्यात तरी नेलं. त्यांच्या आकड्यानं त्यांना तीन महिने घरात बसवून ठेवलं होतं, धने-जिऱ्याच्या पाण्यावर. डाग दिसला की त्या फाईल काढून १४ बघायच्या आणि निर्धास्त व्हायच्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या फ्लेक्सवर 'कॅन्सर तपासणीसह' लिहिणाऱ्यांना याची कल्पना तरी असेल का? रक्त घेताना एक प्रश्न, फक्त एक, कुणी विचारला असता, पाळी गेल्यावर कधी रक्त दिसलं का, तर जून उजाडायची वेळ आली नसती.

त्यांच्या सुनेला बरोबर घेतलं आणि नेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर ११ मिलिमीटर निघालं, त्या वयात चारच्या आत असायला हवं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर, पहिल्या टप्प्याचा. ऑपरेशन झालं. पिशवी काढायची गरज इथे खरोखर होती, आणि तिथे कुणी घाई केली नाही, सगळं समजावून सांगून केलं. केमो लागली नाही. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "मग रक्तात का नाही आलं गं ते?" मी वहीत लिहिलेलं त्यांना हळूहळू वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

यंदा मार्चमध्ये पार्किंगमध्ये पुन्हा मंडप पडला. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड यांच्या तपासण्या ठेवल्या, कारण त्या लागतातच, आमच्यातल्या निम्म्या जणींना रक्त कमी आहे. सीए-१२५ यादीतून काढायला लावलं. शेजारी एक टेबल मी मांडलं, काकू माझ्या बाजूला खुर्ची घेऊन बसल्या. वहीत तीन प्रश्न. पाळी चालू आहे की गेली, गेली असेल तर नंतर रक्त दिसलं का, पोट फुगणं किंवा दुखणं महिनाभर सलग राहिलंय का. आणि खाली सिव्हिलच्या तपासणीसाठी नावं, बुधवारसाठी, दोन रिक्षा ठरवून. पहिला तासभर कुणी नाव दिलं नाही. मग काकूंनी स्वतःची हकीगत सांगायला सुरुवात केली, 'तो आजार' न म्हणता, त्याचं नाव घेऊन. अकरा नावं झाली.

बारावं जाऊबाईंचं. त्या वहीवर वाकून हळूच म्हणाल्या, "मला आधी खरं सांग, दुखतं का?"

"आवळून धरलं तर जरा टोचतं," मी म्हटलं. "श्वास तोंडानं सोडायचा. मी बाहेर बसते ना."

त्यांनी पेन घेतलं आणि बुधवारच्या पहिल्या रिक्षात नाव लिहिलं, माझ्या नावाखाली.